सहा ते साडेसहा

त्या दिवशी मी वारंगा फाट्यावर डोंगरकड्याच्या, आमच्या गावच्या, गाडीची वाट बघत उभी होते. कळमनुरीला माझ्या पेन्शनचं एक रेंगाळलेलं काम होतं, ते उरकून परत निघाले होते. सकाळी घरातून निघताना सरांनी खुर्चीतूनच विचारलं होतं, "कवा येशील?" आणि मी चप्पल घालता घालता त्यांच्याच थाटात सांगितलं होतं, "पाच ते साडेपाच." ते खुदकन हसले. "शिकलीस बरं का," म्हणाले. तेच आमचं शेवटचं बोलणं. फाट्यावर ट्रकांचा नुसता गोंगाट होता, त्यात शेजारच्या कमलबाईंचा फोन आला. "ताई, कुठवर आलात? सर बोलून न्हाई राहिले... तुमी लवकर या." पुढं त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि परत विचारावंसंही वाटलं नाही. घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि साडेपाच व्हायचे होते. मी सांगितलेल्या वेळेत आले होते. अंगणात माणसं जमली होती आणि मला वाट करून देत होती.

सर म्हणजे माझे यजमान. गावभर त्यांना सर म्हणत, मग मीही सरच म्हणू लागले. कळमनुरीला एका कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे. मी इथंच, डोंगरकड्याच्या शाळेत प्राथमिकला. त्यांचं माहेर, म्हणजे विषयातलं माहेर, एकच होतं: नॉर्मल कर्व्ह. मधे उंच, दोन्हीकडं उतरत जाणारी ती रेघ. घरात कुठंही सपाट जागा दिसली की तिथं ती उमटायची, खडूनं, पेन्सिलीनं, एकदा तर परातीतल्या पिठात बोटानं. लग्न झाल्यावर पहिले काही दिवस मला वाटायचं, हा माणूस सारखा डोंगर का काढतो?

कॉलेज सुटल्यावर फाट्यावर गाडी बदलून ते घरी यायचे. नव्या संसारात मला चहा गरम द्यायची हौस, म्हणून मी विचारलं, "रोज नेमकं किती वाजता येता तुमी?" ते गंभीरपणे म्हणाले, "नेमकं म्हणशील तर शक्यता शून्य." मला राग आला. "शून्य म्हंजे? येणारच न्हाई का?" मी तेव्हा ताटात पाटवड्या थापून त्या कापायला बसले होते. त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली आणि पाटवडीवर एक रेघ मारली. "या रेघेत किती पाटवडी आली?" मी म्हटलं, "रेघेत काय येणार? काहीच न्हाई." मग त्यांनी शेजारी दुसरी रेघ मारली, मधला तुकडा उचलून तोंडात टाकला आणि खात खातच सांगितलं, "वेळेचंबी असंच हाय. सहा वाजून दहा मिनिटं, ही नुसती रेघ. तिच्यात शक्यता मावत न्हाई. दोन रेघा मारल्या तर मधल्या जागेत मावती." तेवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! माझी पाटवडी मधे जाड आणि कडेला पातळ झाली होती, त्यावर बोट ठेवून म्हणाले, "तुझं थापणं एकदम नॉर्मल हाय. मधून तुकडा काढला तर पोट भरतं, कडेचा तेवढ्याच रुंदीचा काढला तर दाताखाली येत न्हाई." मी आठ दिवस अबोला धरला. सासूबाईंनीही माझ्या थापण्याला नाव ठेवलं नव्हतं, आणि हे गणितातून ठेवत होते.

पण हिशोब त्यांनी खरोखरच मांडला. त्यांची यायची सरासरी वेळ सव्वासहा. गाडी कधी लवकर, कधी उशिरा, पण साधारण साडेसात मिनिटांचा फरक पडायचा. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा तक्ता बघून त्यांनी मला सांगितलं की सहा ते साडेसहाच्या मधे ते शंभरातल्या पंच्याण्णव वेळा दारात असतील. उरलेल्या पाचात निम्म्या वेळा लवकर, निम्म्या वेळा उशिरा. "आणि साडेसहा वाजून गेले तर?" मी विचारलं. "तर गॅस बंद करायचा, दार उघडं ठेवायचं," ते म्हणाले. आमच्या घरात पुढं हाच रिवाज पडला. कुणी कुठं निघालं की एक वेळ सांगायची नाही, दोन सांगायच्या. आमचा मुलगा नितीन लहानपणी खेळायला जाताना "साडेपाच ते सहा" असं ओरडून पळायचा आणि शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पाहुण्यांना वाटायचं आम्ही टाळतोय. एकदा माझ्या भावानं विचारलं, "दाजी, लग्नाला कवा येऊन राहिले?" तर सरांनी त्याला सकाळचे नऊ ते साडेदहा सांगितले, आणि तो बिचारा अजून म्हणतो, दाजींना माझ्या लग्नाला यायचंच नव्हतं.

सर निवृत्त झाले आणि सहा ते साडेसहा ही वेळ रिकामी झाली. मग त्यांनी ओसरीच्या भिंतीवर एक फळा ठोकून घेतला आणि गावातल्या कॉलेजच्या पोरांना तिथं शिकवू लागले. पोरं म्हणायची, "सर, मधला भाग कळला, शेपटाचं काहून सांगता एवढं?" तेव्हा सरांना चेव यायचा. ते कर्व्हचं शेपूट काढत काढत फळ्याच्या कडेपर्यंत जायचे, आणि फळा संपला तरी थांबायचे नाहीत. खडू लाकडी चौकटीवरून उतरून थेट भिंतीवर यायचा. "फळा संपला म्हणून रेघ संपत न्हाई रे. ती खाली खाली जाती, पण जमिनीला टेकत न्हाई." भिंत घाण होते म्हणून मी कुरकुर करायची. दरवर्षी घटाच्या आधी रंग मारला की भिंत स्वच्छ, आणि दिवाळीच्या आत रेघ पुन्हा हजर.

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, साधारण वर्षभर. सरांना सांगू नका म्हणाले, पण सरांपासून सरासरी कशी लपणार? परतीच्या जीपमध्ये त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं, आणि ते बाहेर सोयाबीनच्या रानांकडं बघत म्हणाले, "सरासरी गर्दीची असती, शोभा. मी एकटा हाय." मला ते गणित नको होतं. मला एकच गोष्ट हवी होती, की त्या वेळी मी त्यांच्याजवळ असावं. दुसऱ्या कुणाच्या हातून त्यांना शेवटचं पाणी जाऊ नये. मी त्यांच्या खनपटीलाच बसले. "मला एकदा सांगा. कवा?" त्यांनी पुष्कळ टाळलं, आणि एका सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं, "संक्रांत ते पाडवा."

त्या दोन सणांच्या मधे मी उंबरा ओलांडला नाही. भाचीचं लग्न सोडलं, हळदीकुंकू सोडलं. भाजी कमलबाई आणून द्यायच्या. सरांच्या खुर्चीपासून माझा पाट कधी दूर गेला नाही. त्यांना त्याचा वैताग यायचा. "अगं, मला श्वास तर घेऊ दे," म्हणायचे. त्यांनी श्वास घेतला, रोज घेतला, आणि पाडवा आला. मी गुढी उभारली, तिला नमस्कार केला आणि मागं वळून बघितलं तर सर खुर्चीत बसून कडुलिंब खाऊन तोंड वाकडं करत होते. मी तिथंच रडायला लागले. "तुमचं चुकलं गणित," मी म्हटलं. ते म्हणाले, "चुकलं न्हाई. दुखण्याचा कर्व्ह गाडीच्या कर्व्हासारखा बराबर नसतो. याचं शेपूट उजवीकडं लांब असतं." उठून, भिंतीला धरून, त्यांनी फळ्यावर ती रेघ काढली. चौकट ओलांडली, भिंतीवर आले, दरवाजापर्यंत आले. हात थरथरत होता, म्हणून रेघही थरथरत गेली. "बघ," म्हणाले, "टेकली का?"

मी ते आशेनं ऐकलं. आता भीती मागं पडली, जे उरलंय ते लांबच लांब आहे, असंच मी धरून बसले. आंबे खाल्ले. आषाढात त्यांनी तळणीचा हट्ट केला. मी दुकानात जाऊ लागले, मग फाट्यापर्यंत, आणि श्रावणात कळमनुरीला. त्यांना मात्र ठाऊक असणार की त्या पातळ कडेला जे उरतं त्यात जायचा दिवसही कुठंतरी आहे. त्यांनी मला आशा दिली की सावध केलं? आता हे विचारायचं कुणाला? रोज खुर्चीकडं बघून मनात विचारते. घर इतकं शांत असतं की घड्याळाचा काटा सरकलेला ऐकू येतो. एकटेपणाची सवय होते असं सगळे सांगतात. मला अजून झालेली नाही.

पुण्याहून नितीन रोज फोन करतो. "आई, कधी येतेस इकडं?" परवा माझ्या तोंडून निघून गेलं, "दिवाळी ते संक्रांत." तो नुसतं "बरं" म्हणाला आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

घटाच्या आधी रंगारी आला. फळा काढू का म्हणाला. मी म्हटलं, फळा राहू दे. त्यानं भिंतीवरच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही पुसून घेतो मग, ताई. पोरानं वढलेली दिसती." मी त्याला म्हटलं, "ती बाजू सोडून दे." त्यानं माझ्याकडं विचित्र बघितलं, पण सोडली. आता सगळी ओसरी पांढरीशुभ्र आहे, आणि फळ्यापासून दारापर्यंत जुन्या मळक्या रंगाचा एक पट्टा आहे, त्यात ती थरथरती रेघ.

सहा वाजले की मी आधण ठेवते. दोन कपांचं ठेवते, हात तेवढंच पाणी घेतो. मग ओसरीत त्या रेघेखाली बसते. फाट्याकडून गाडी येते, माणसं उतरतात, आपापल्या घरी जातात. ते येणार नाहीत हे कळायला मला कुठला तक्ता लागत नाही. साडेसहा वाजून जातात. मी उठते, गॅस बंद करते, आणि दार उघडं ठेवते.