डाऊट आला की लाल बटण

कंपनीतलं स्क्रॅप रोज उचललं तरी साचतंच. माझ्या क्लासचे किस्से तसेच. चाकणला दर रविवारी मी एकाच कंपनीतल्या बारा जणांना इंग्रजी शिकवते. म्हणजे, बाहेर बोर्ड तरी तसा आहे.

'लेंड' आणि 'बॉरो'चा फरक सांगायला मी अर्धा तास माझं पेन याला दे, त्याचं घे, करत बसले. कुणालाच कळेना. शेवटी स्टोअरमधली सुनीता उठली. "गेटपास आठवा. परत येणारा माल आपल्या गेटबाहेर गेला की लेंड. दुसऱ्याचा आत आला की बॉरो."

दोन मिनिटांत विषय संपला. पुढच्या बॅचला मी हेच शिकवलं, सुनीताचं नाव न घेता. माझं पेन अजून लेंडमध्येच आहे.

मग आलं गुड ॲट, अफ्रेड ऑफ. ॲटच का? मी म्हटलं, असतं तसं. पण चूक सापडली की पाचदा 'का' विचारायचा यांच्या कंपनीत नियम. तो मला लावला. तिसऱ्या 'का'ला मी चहाला पळाले. परत आले तर फळ्यावर लिहिलेलं, 'मूळ कारण: सापडले नाही. जबाबदार: मॅडम.'

आणि आमचे तुकाराममामा. चाकण गावचेच, पन्नाशीचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली तीन पोरं इंग्रजीच्या जोरावर शिफ्ट इन्चार्ज झाली, मामा लाईनवरच. यंदा मॅनेजर म्हणाला, परदेशी पाहुण्यांना लाईन इंग्रजीत दाखवा, इन्चार्ज तुम्हीच.

महिनाभर मामांनी एकच वाक्य घोटलं, 'आय ॲम रिस्पॉन्सिबल फॉर धिस लाईन.' पाहुणे आले त्या दिवशी मामा 'रिस्पॉन्सिबल'पर्यंत पोचले आणि अडकले. फॉर, का ऑफ?

लाईनवर डाऊट आला की लाल बटण दाबायचं, ही वीस वर्षांची सवय. मामांनी दाबलं.

अख्खी लाईन बंद. मॅनेजर पांढरा पडला. पाहुण्यांनी विचारलं, काय झालं?

"डाऊट," मामा म्हणाले.

पाहुण्यांनी लाईनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. इथे डाऊट आला की कुणीही लाईन थांबवू शकतं?

"येस. एनीबडी."

पाहुण्यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या रविवारी शिफ्ट इन्चार्ज तुकाराममामा पेढे घेऊन आले. सोबत लाल बटणाची एक बेल. माझ्या टेबलावर बसवली. "डाऊट आला की दाबायचं, मॅडम. लाजायचं न्हाई."

त्या दिवशी बेल तीनदा वाजली. तिन्ही वेळा मीच दाबली.