पप्पांचं नेट

दीक्षा वाघमारे हैदराबादच्या एका कंपनीत लिनक्सचे सर्व्हर सांभाळायची. ती माधापूरला मैत्रिणीसोबत राहायची, आईवडील नल्लकुंट्याला. हौसेखातर तिने एक सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर ऑनलाइन खेळ सुरू केला होता. खेळात सगळ्यांनी मिळून गाव वसवायचं. हैदराबादची, पुण्याची, कुठकुठली पोरं तिथे जमायची.

तिचे वडील सूर्यभान मूळचे परभणीकडचे. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना दिवस खायला उठायचा. लेक रविवारी यायची, तीही मोबाइलमध्ये डोकं घालून. "एवढं काय गं असतं त्यात?" त्यांनी एकदा विचारलं. तिने त्यांच्या मोबाइलवर खेळ टाकून दिला, भिंत कशी रचायची ते दाखवलं आणि विसरून गेली.

सूर्यभान विसरले नाहीत. दुपारचं जेवण झालं की ते खेळात शिरायचे. नदीकाठी त्यांनी एक घर बांधायला घेतलं. "पुरं झालं की पोरीला दाखवतो," असं ते बायकोला, रेणुकाला, सांगायचे.

त्याच सुमारास खेळ अडखळू लागला. चालती माणसं जागीच थिजायची. दीक्षासोबत सर्व्हर बघणारा कुलदीप म्हणाला, "ज्यांचं नेट स्लो आहे ना, त्यांच्यामुळे होतंय यार. काढून टाक त्यांना."

दीक्षाला ते फारसं पटलं नव्हतं. पण खरं कारण शोधायला वेळ लागणार होता, आणि तक्रारी तर रोज येत होत्या. तिने नियम लावला: ज्याचं नेट संथ, तो आपोआप बाहेर.

तरी अडखळणं थांबेना. मग एका सुट्टीला ती खरं कारण शोधायला चिकाटीने बसली. सर्व्हर अधूनमधून सगळ्या खेळाची प्रत डिस्कवर उतरवून ठेवायचा आणि तेवढा वेळ खेळ ताटकळायचा. शिवाय वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर मंद चालत होता. तिने प्रोसेसर पूर्ण वेगावर ठेवला, प्रत घेण्याचं काम पहाटेवर ढकललं. खेळ सुरळीत झाला, सगळे खूश झाले. संथ नेटवाल्यांचा नियम काढायचा मात्र राहूनच गेला.

तिकडे नल्लकुंट्याच्या घरचं नेट संथच होतं, त्यामुळे सूर्यभान रोज आत शिरायचे आणि बाहेर फेकले जायचे. आपल्याच हातून काही बिघडलं, असं त्यांना वाटलं.

"पोरीला विचारा की," रेणुका म्हणायची.

"नक्को. तिला तिची कामं कमी आहेत का?"

पुढे त्यांनी नाद सोडला.

बऱ्याच महिन्यांनी भाकरी थापता थापता रेणुका सहज बोलून गेली, "तुझ्या त्या खेळात पप्पांनी घर बांधलं होतं. मग काय झालं कोण जाणे, त्यांना आतच घेईना."

दीक्षाला क्षणात उमगलं. तिने तिथेच बसून नियम काढला आणि वडिलांच्या मोबाइलवर खेळ उघडला. नदीकाठी बिनछपराचं घर उभं होतं.

"ही खिडकीची खोली तुझी," सूर्यभान म्हणाले.

"पप्पा, तुमचं काही चुकलं नव्हतं. मीच लावलेल्या नियमाने तुम्हाला बाहेर काढलं."

"हौ, असू दे."

"आता छप्पर घालू या?"

त्यांनी दोन-चार फळ्या लावल्या आणि मोबाइल तिच्या हातात दिला. "तूच घाल, बेटा. आता मन लागत नाही त्यात." चपला घालून ते मलकपेठेला जुन्या सोबत्यांकडे निघून गेले.

दीक्षा छप्पर घालत बसली. नियम काढायला तिला मिनिटही लागलं नव्हतं. पण इतके दिवस अडूनही पप्पांना आपल्याला एक फोन करावासा वाटला नाही, हे तिला फार लागलं.