भिंगरीचं काळीज

तिला भिंगरी म्हणायचे ते तिच्या पायांमुळे. दुकानातून काही आणायचं असलं की आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत पोरगी जिना उतरून खाली. तिचा दादा पळण्यात तिच्याहून सरस. संध्याकाळी दोघं मैदानाला फेऱ्या मारायचे. तो मुद्दाम हळू पळायचा, आणि शेवटच्या वळणावर तिला मागे टाकून वेडावून दाखवायचा.

त्या संध्याकाळीही त्याने वेडावलं. थोडा पुढे गेला आणि पालथा पडला. भिंगरीला वाटलं, नाटक करतोय. ती हसत हसत त्याच्याजवळ बसली. "ऊठ रे, पुरे झालं," म्हणत तिने त्याला गुदगुल्या केल्या. तो उठला नाही.

त्यानंतर भिंगरी पळायची थांबली. नुसती पळायची नव्हे, भरभर चालायचीही. तिसऱ्या मजल्यावरचं घर तिला डोंगरावर गेल्यासारखं वाटू लागलं. वळणावळणावर पायरीवर बसून ती मानेवर दोन बोटं दाबायची. लागतायत का ठोके? लागतायत. मग पुढच्या पायऱ्या. वर्गात कुणी मागून पाठीवर थाप मारली तरी तिची बोटं आधी मानेवर जायची. मैत्रिणी आधी हसल्या, मग कंटाळल्या, मग हाका मारायच्या बंद झाल्या. आंघोळीला जाताना ती कडी लावत नसे. बाहेरून आई विचारायची, "आहेस ना गं?" आतून ती म्हणायची, "आहे." त्या घरात तेवढंच काय ते बोलणं उरलं होतं.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना तपासून घ्यायला सांगितलं. दादाच्या हृदयाची भिंत जाड झाली होती, आणि हे दुखणं रक्तातून उतरतं. आईचं हृदय ठीक निघालं. बाबांचं आणि भिंगरीचं तसंच निघालं, दादासारखं.

"खांद्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठोक्यांची लय बिघडली तर ते आतून झटका देतं आणि लय परत आणतं. दोघांनाही लागेल. आणि गोळ्या आजपासूनच."

"मला नको," भिंगरी म्हणाली.

"का गं?"

दादाला नव्हतं असलं काही, मग मला का म्हणून? हे असं परक्या बाईसमोर बोलायचं कसं?

घरी आल्यावर बाबा बूट काढता काढता म्हणाले, "तिला समजाव. तिचं बसवू. माझं राहू दे."

आईने हातातली पिशवी खाली आपटली. "बाप-लेकीनं मिळून मला एकटी पाडायचं ठरवलंय का?"

बाबांनी बूट कोपऱ्यात सरकवले, भिंगरी आत निघून गेली.

मग एका दुपारी कपाटाखाली गेलेली कात्री काढताना भिंगरीला कपाटामागे बाबांच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. एकही गोळी काढलेली नव्हती. आई बाहेर गेली होती. बाबांचा फोन लागेना. भिंगरी चपला घालून बाबांच्या छापखान्याकडे निघाली आणि रस्त्यात तिच्या लक्षात आलं की आपण झपाझप चाललोय. छाती धडधडत होती. आता पडणार, इथेच पडणार, असं वाटत असतानाही ती थांबली नाही.

बाबा छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होते. कागदाचा गठ्ठा पात्याखाली सरकवायचा, कडा हातांनी सारख्या करायच्या, हात मागे घेऊन दोन्ही बटणं दाबायची, की पातं खाली. भिंगरी दारात पोहोचली तेव्हा बाबा पात्याखाली हात घालून कडा सारख्या करत होते. चेहरा राखेसारखा झाला होता. शेजारी पुस्तकं बांधणारे काका तिला म्हणाले, "बरं झालं आलीस. सकाळपासून भिंत धरून उभा राहतोय मधूनमधून. घरी जा म्हटलं तर ऐकत नाही."

"बाबा!" ती इतक्या जोरात ओरडली की सगळा छापखाना वळून बघू लागला.

बाबांनी यंत्र बंद केलं. दोघं कागदाच्या गठ्ठ्यांवर बसली. तिने पाकिटं त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाबांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. मग म्हणाले, "माझ्याकडून गेलं ते त्याला. माझं इतकी वर्षं चाललं आणि पोराचं थांबलं. आता मी यंत्र लावून आणखी जगू? कुठल्या तोंडानं?"

आपलंच मनातलं वाक्य बापाच्या तोंडून ऐकून भिंगरी घाबरली. तिच्या मनात ते रास्त वाटायचं. बाबांच्या तोंडी भयंकर वाटलं.

"मी त्याला गुदगुल्या करत बसले होते, बाबा," ती म्हणाली. "तेवढ्यात कुणाला हाक मारली असती तर..."

"अगं, तुला काय कळणार होतं!"

"मग तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

बाबांचा बांध फुटला. शाईने काळे झालेले हात तोंडावर धरून ते रडले. काकांनी पाठ फिरवली आणि उगाच दोऱ्याची रिळं लावत बसले.

भिंगरीने डोळे पुसले. "तुम्ही बसवणार असाल तर मी बसवते. नाहीतर नाही."

"धमकी देतेस?"

"हो."

"आईवर गेलीस अगदी," बाबा म्हणाले, आणि पाण्यासाठी इकडेतिकडे बघू लागले. गोळी त्यांनी तिच्यासमोरच गिळली.

यंत्रं बसली. भीती मात्र गेली नाही, तिने नुसती जागा बदलली. आता भीती झटक्याची. तो एकदा बसलाही, भर बाजारात. घोड्याने छातीवर लाथ घालावी तसा. भिंगरी फुटपाथवर पडली आणि डोळे उघडले तेव्हा एक फळवाली तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नंतर कितीतरी दिवस ती खोलीबाहेर पडली नाही. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसायचे. "काम केलं ना त्यानं? त्यासाठीच तर बसवलं," एवढंच म्हणायचे आणि पेपर वाचायचे. एके दिवशी ती आपणहून बाहेर आली आणि म्हणाली, "भूक लागलीय."

आज ती शाळेची पुस्तकं छापणाऱ्या कचेरीत पानं जुळवते. कामात चोख, बोलायला फटकळ. अजूनही लिफ्ट बंद असली की तिचा जीव खालीवर होतो. गेल्या महिन्यात, डॉक्टरीणबाईंना विचारून, तिने पोहायच्या शिकवणीला नाव घातलं. आई काठावर मुठी आवळून बसते. पाणी कमरेएवढंच आहे, तरी भिंगरी कठडा सोडत नाही.

"सोडा आता हात," शिकवणाऱ्या बाई म्हणतात.

"भीती वाटते."

"मग? बाहेर यायचंय?"

"नाही," भिंगरी म्हणते. "थांबा जरा. सोडते."