परब मेस्त्रींनी राखलेली जागा

परब मेस्त्री गेले हे सांगायला त्यांचा धाकटा भाऊ सदा स्वतः वडाळ्याला आला. घरी फोन आहे, पण तो म्हणाला, "दादाची बातमी फोनवर सांगवेना." डावा पाय ओढत जिने चढला होता. माझ्या बायकोने, सुमनने, त्याला पाणी दिलं आणि आत जाऊन ती रडली, सख्खा थोरला दीर गेल्यासारखी. याला महिना होऊन गेला. मी काही लिहिणारा माणूस नाही. पण वर्दी आणि संसार या दोन्ही दगडांवर पाय ठेवूनही मी पडलो नाही, तो या माणसामुळे. तेवढं तरी सांगायलाच हवं.

रे रोडच्या एका कारखान्यात मी लेथ मशीनवर होतो आणि मेस्त्री आमचे खातेप्रमुख. वडील पलटणीत होते, त्यामुळे वर्दीची ओढ घरातूनच आली. पोट तर कारखान्यावर चालायचं, म्हणून मी टेरिटोरियल आर्मीत नाव घातलं. आठवडाभर मशीन, रविवारी कवायत आणि वर्षातून एकदा मोठा कॅम्प. कॅम्पचं बोलावणं आलं की शेठचं तोंड उतरायचं. "लढाई नाही, काही नाही, मग रजा कसली?" पहिल्या वर्षी मी खाली मान घालून उभा होतो. मेस्त्री शांतपणे म्हणाले, "शेठ, मशीन बंद पडणार नाही. बाकी मी बघतो." आणि स्वतःची पाळी संपली की ते माझ्या मशीनवर उभे राहायचे. हे मला त्यांनी नाही, दुसऱ्याच कामगारांनी सांगितलं. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "रे काशी, हात रिकामे असले की माका झोप नाय लागत."

मेस्त्री लालबागचे, मूळ मालवणकडचे आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी पेटलेले. चाळीतल्या सभा, प्रभातफेऱ्या, सगळीकडे पुढे. मलाही मोर्चात जावंसं वाटायचं, पण वर्दीवाल्याला ते जमणारं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं तर हसून म्हणाले, "तू कवायत कर, घोषणा मी देतो. दोन्ही आपलीच कामां."

आणि मग ती थंडी आली... मुंबईत गोळीबार झाला तेव्हा मी नाशिकजवळ कॅम्पात खंदक खणत होतो. बातम्या तुटक यायच्या. गिरगावात मोर्चात गेलेल्या सदाच्या पायाला गोळी लागल्याचं मला परत येईपर्यंत कळलं नाही. इकडे नायगावला आमच्या तेव्हाच्या चाळीत कुणीतरी उठवलं की काशिनाथ बंदूक घेऊन शहरातच उतरलाय, आपल्याच माणसांवर. सुमन पोटुशी होती. नळावर बायका तिच्याशी बोलेनात. रोज दार लोटून बसायची बिचारी.

संचारबंदी जरा सैल झाली तशा मेस्त्रींच्या बायको, आमच्या वहिनी, लालबागहून चालत नायगावला आल्या. स्वतःचा दीर हॉस्पिटलात होता. फडक्यात बांधलेले तांदूळ आणि सुकट सुमनपुढे ठेवून त्या दारातच बसल्या, सगळ्या चाळीला दिसतील अशा. नळावरची एक बाई विचारायला आली तेव्हा म्हणाल्या, "हिचो घोव नाशकात आसा. आमच्या सदाक गोळी लागली, माका ठाव नसतला तर कोणाक?" संध्याकाळपर्यंत नळावरचं बोलणं पूर्ववत झालं. सुमन म्हणते, त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

मी परतलो तो थेट कारखान्यावर गेलो. फाटकात पाच-सहा जणांनी वाट अडवली. एक म्हणाला, "वर्दीवाल्याबरोबर आम्ही काम करणार नाही." शेठ मागे उभे होते. त्यांना आयतीच संधी मिळाली. "कामगार नको म्हणतात, मी काय करू?" इतक्यात मेस्त्री हॉस्पिटलातून आले. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. सदाचं नुकतंच कानावर आलं होतं. ह्या माणसाने मला तिथे मारलं असतं तरी मी हात उचलला नसता. ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझो भाव हॉस्पिटलात आसा. राग धरूचो तर तो मी. तुमी कित्याक?" मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा कॅम्पात होता. देशाचं काम करून आलाय. ह्याची जागा गेली तर माझीही गेली असं समजा." वाट मोकळी झाली. शेठ ऑफिसात निघून गेले.

त्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेलो. मला बघून सदा काय म्हणेल याची धास्ती होती. तो म्हणाला, "काशीदादा, मला आता धावपळीचं काम व्हायचं नाही. लेथ शिकवशील?"

शिकवलं. माझ्याच मशीनवर, स्टुलावर बसवून. वर्षाच्या आत तो माझ्यापेक्षा सफाईने आटे पाडू लागला. महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागला मेस्त्रींनी मला मुद्दाम वर्दीत बोलावलं. ज्यांनी फाटकात अडवलं होतं, त्यांच्याच हातून पेढा भरवला. पुढे चीनचं युद्ध आलं आणि माझं बोलावणं या वेळी कॅम्पचं नव्हतं. कधी परतेन, परतेन की नाही, काही ठाऊक नव्हतं. दादर स्टेशनवर मेस्त्री आले होते, सदा होता, आमची मुलगी वहिनींचं बोट धरून. सदा म्हणाला, "मशीन मी चालवतो. येशील तेव्हा तुझं तुला देईन." कित्येक महिन्यांनी आलो. त्याने मशीन पुसून ठेवलं होतं. मला बघताच तो स्टूल उचलून बाजूला झाला...

मेस्त्रींची एक सवय होती. मी कुठूनही परतलो की खुशाली नंतर, आधी माझे दोन्ही हात हातात घ्यायचे, उलटेसुलटे करून बोटं बघायचे. लेथवरच्या माणसाची ती खरी पुंजी. मग मान हलवायचे, "जा, लाग कामाक." मी निवृत्त झालो तरी भेटीला गेलो की हे व्हायचंच. गेल्या रविवारी मी लालबागला गेलो. खोली तशीच, खिडकीजवळची त्यांची खाट रिकामी. उंबरा ओलांडताना माझे हात आपोआप पुढे झाले. मी ओशाळून मागे घेणार तोच वहिनी उठल्या. पदराला हात पुसून त्यांनी माझे हात धरले, उलटे केले, सुलटे केले.

"आसत," म्हणाल्या. "सगळी बोटां आसत. बस आता."