शेकोटी माझी, सायकल तिची

अर्जदार : मी स्वतः, वय बावन्न, व्यवसाय अर्जलेखन, राहणार चंद्रपूर.
घटनेचा काळ : मोहफुलांचा गेला हंगाम.
साक्षीदार : एक, माझी पत्नी, दोन, शेजारच्या टेबलावरचे टंकलेखक.

निवेदन असे की, माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी वाचन दांडगे आहे. रानात तंबू ठोकून कसे राहावे, हे शिकवणारे एक पुस्तक मला रद्दीत मिळाले. जंगल आमच्या शहराला लागून आहे, तरीही मी तेथे कधी मुक्काम केला नाही. गरज भासली नाही. गच्चीवरच्या खुर्चीत बसून मी रोज सायंकाळी खुंट्या ठोकीत असे, ओढ्याकाठी भात शिजवीत असे. पत्नी खालून म्हणे, "वाघ गेला असन तं जेवून घ्या. भाजी थंडी होऊन राह्यली."

त्या हंगामात पोंभुर्ण्याकडची एक बाई माझ्याकडे आली. मोहाखालचा पाला पेटवल्याच्या संशयावरून वनरक्षकाने तिची सायकल जप्त केली होती. रानातून फुले घरी आणण्यास दुसरे साधन नव्हते. ती एवढेच म्हणाली, "पाला झाडला, फुलं येचली. आग नाई लावली, भाऊ."

एवढ्याशा मजकुराचा अर्ज मला दरिद्री वाटला. पुस्तक स्मरून मी भर घातली : 'पहाटेच्या प्रशांत समयी, शेकोटीच्या उबेत, अर्जदार फुले वेचीत होती.' टंकलेखक म्हणाले, "साहेबाले हे वाचून सायकल द्याच लागते!" खाली नेहमीचे वाक्य आले, 'मजकूर वाचून दाखविला, बरोबर आहे', आणि त्यावर बाईचा अंगठा. प्रत्यक्षात मी तो वाचून दाखविला नव्हता. गर्दी होती.

महिन्याने ती पुन्हा आली. वनखात्याच्या कार्यालयात तिला सांगण्यात आले होते की, आग लावल्याचे तिनेच लिहून दिले आहे. तेव्हा मी ते वाक्य तिला प्रथमच वाचून दाखविले.

"चैतात शेकोटी? इथी उन्हानं जीव चालला अन् शेकोटी कोन पेटवते? तुम्ही कवा गेल्ते जंगलात?"

"पुस्तकात तसे आहे," मी म्हणालो.

"मंग पुस्तकालेच पाठवा ना सायकल आनाले."

टंकलेखकांनी मान खाली घालून टंकयंत्र पुसण्यास घेतले.

आता यंदाचा मोह गळू लागला आहे. बाई टोपली डोक्यावर घेऊन रानातून पायी येते. सायकल अद्याप कार्यालयाच्या भिंतीला टेकून आहे.

सबब विनंती की, सदर शेकोटी त्या बाईची नसून माझी आहे व ती माझ्या गच्चीवर, केवळ मनात पेटली होती. ते वाक्य तिच्या अर्जातून वगळावे, तिची सायकल तिला परत द्यावी आणि निर्णय मला नव्हे, थेट तिला कळवावा, तोही वाचून दाखवून.

हा मजकूर तिला व दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखविला आहे. या वेळी खरोखर.