दोन शेंड्यांचा डबा आणि आत्याचा धवला

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात नवरी एक आणि नवरदेव दोन झाले, त्याला मी जबाबदार आहे, असे आमच्या गावात मानले जाते. मी ते कधी नाकारलेले नाही. एवढेच सांगतो की दुसरा नवरदेव मांडवात पोचलाच नव्हता. तो नाल्यापाशी होता.

पण आधी आत्याबद्दल सांगायला हवे. गोपीआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि आमच्या मुरबाडकडच्या म्हसा गावाच्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते. हळद लागते ती तिच्या गाण्यावर, नवरी पाटावर बसते ती तिच्या गाण्यावर. भटजी उशिरा आला तर लोक तंबाखू मळत वाट बघतात, पण धवलारीण उशिरा आली तर टेम्पो पाठवतात! अर्ध्या तालुक्याची लग्ने आत्याने गाऊन लावली. पण मोठ्या आजारपणानंतर तिचा आवाज बारीक झाला होता, आणि आदल्या हंगामात एका लग्नात चार पोरांनी ती गात असतानाच मध्येच कॅसेट लावली. आत्या ओळ अर्धवट सोडून उठली. घरी आली, नऊवारीची घडी घालून पेटीत ठेवली आणि म्हणाली, "झाला आता. माजा आवाज पाठच्या रांगेत जात नाय. ऐकू येत नाय त गायचा कनाला?"

त्या दिवशी मला खरेच वाईट वाटले होते.

मग संगीताचे लग्न ठरले. संगीता म्हणजे बाळूकाकाची मुलगी, आत्याची लाडकी. तिने सरळ जाहीर केले, "गोपीआत्या धवला बोलल तरच मी पाटावर बसन. नायतर तुमीच बसा!" मुलाकडची मंडळी तानसेच्या बाजूची, शहापूर तालुक्यातली. त्यांच्या वतीने बोलायचे काम नवरदेवाच्या मामांकडे होते. परशुराममामा. आवाज असा की त्यांना माइकची गरज कधीच पडू नये.

"आमाला काय, म्हातारीनं गावा," मामा सुपारीच्या दिवशी म्हणाले, "पण पाठच्या रांगेत ऐकू आला पायजे. नाय आला, त आमची कॅसेट लागल. पयलाच सांगतो!"

सगळ्यांच्या माना आतल्या बाजूला वळल्या. आत्या आतल्या दारात उभी होती. आणि तेवढ्यात एक मूर्ख मनुष्य म्हणाला, "मी बघतो."

तो मूर्ख मनुष्य मी.

मी तेव्हा कल्याणला एका कंपनीत कारकून होतो. आमच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनात बिनवायरचा माइक आणला होता आणि त्याचे खोके उचलून ठेवण्याचे काम मी केले होते. (माझा ध्वनिशास्त्राचा अनुभव एवढाच. पण गावात कुणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.) साहेबांच्या हातापाया पडून तो संच मी दोन दिवसांसाठी मागून आणला. एक माइक आणि एक काळा डबा. माइकातला आवाज हवेतून डब्यात येतो, डब्यातून वायरीने अँप्लिफायरमध्ये जातो आणि तिथून कर्ण्यात. डब्याच्या पाठीवर दोन अँटेना होत्या, ओढल्या की लांब होणाऱ्या. गावाने पाच मिनिटांत त्याचे बारसे केले: दोन शेंड्यांचा डबा.

सोबतच्या कागदावर चित्र होते. डबा टेबलावर, दोन्ही अँटेना वर करून फाकवलेल्या, आणि समोर नजरेच्या टप्प्यात माइकवाला माणूस. मी अगदी चित्राबरहुकूम मांडणी केली. लग्नासाठी काकाने अंगणात पत्र्याची नवी शेड घातली होती, तिच्या एका कडेला टेबल, टेबलावर डबा. आत्याने माइक हातात धरला, मुसळ धरावे तसा दोन्ही हातांनी, आणि हळूच म्हणाली, "गो संगे..."

"गो संगे" कर्ण्यातून असे घुमले की कौलावरचे कावळे उडाले! आत्याने दचकून मागे पाहिले. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आले, त्यासाठी मी साहेबांच्या पुन्हा दहा वेळा पाया पडलो असतो.

इथेच थांबायला हवे होते. डब्याला फडके झाकून आम्ही सगळ्यांनी जेवायला जायला हवे होते. पण तेवढ्यात मुलाकडची पुढची तुकडी आली आणि परशुराममामांनी डबा पाहिला.

"ह्या दोन कनच्या?"

"अँटेना, मामा."

मामांनी कमरेवर हात ठेवून डब्याला फेरी मारली. "दोनी तुमच्याच माणसांकडं कशा कललेल्या? आमच्याकडं एकपण नाय?"

मी हसलो. मामा हसले नाहीत. आमच्याकडे मानपानात चेष्टा चालत नाही. नारळ कुणाला आधी दिला यावरून जेवण न करता उठलेली वऱ्हाडे मी पाहिली आहेत. मी मुकाट्याने एक अँटेना त्यांच्या बाजूला वळवली. लगेच आमच्या बाजूचे एक आजोबा काठी टेकत आले. "त्यांची लांब नि आमची आखूड काय म्हणून रे, वसंत्या? पोर आमची जाते, आनि शेंडी पन आमचीच बुटकी?" मग दोन्ही शेंड्या वितीने मोजल्या गेल्या. मुलाकडचा एक माणूस आणि मुलीकडचा एक माणूस, दोघांच्या विती वेगवेगळ्या आल्या. मग माणसे बदलली. शेवटी सुतळी लावून दोन्ही सारख्या करण्यात आल्या. त्या भानगडीत डब्यातून नुसते खर्रर्र येऊ लागले.

"थांबा!" बाळूकाका म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत पुढे आला.

बाळूकाका हा आमच्या आळीतला अँटेनाचा सर्वमान्य जाणकार. गावात पहिला टीव्ही त्याचा. वारा सुटला की तो छपरावर आणि घरदार खाली, असा त्यांचा संसार. "आरं अँटेना कदी टेबलावर असते? वर चढवायची, आनि तोंड मुंबईकडं करायचा!"

"काका, ही ती अँटेना नाही. ही माइकची..."

"अँटेना ती अँटेना! तू शिकलेला हायस, पन तू कदी बांबूवर चढलायस?"

मी चढलो नव्हतो. शिवाय तो पुढे सगळ्यांदेखत म्हणाला, "तू आमचा इंजिनियर, तू खाली उभा राहून नुसता सांग." इंजिनियर हा शब्द मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी लावला होता. कागदावरचे चित्र मी खिशात घातले.

डबा वर गेला. टीव्हीच्या अँटेनाच्या बांबूलाच काकाने तो सुतळीने करकचून बांधला, शेडच्या नव्या पत्र्याच्या बरोबर वर. आत शेडमध्ये बायका हळदीची तयारी करत होत्या, म्हणून मी माइक घेऊन बाहेर मोकळ्या अंगणात उभा राहिलो.

"आला काय रे?" वरून काका.

"नाय!"

"आता?"

"खरखर!"

"आता?"

"मुंग्या! मुंग्या आल्या!" घरात क्रिकेट बघत बसलेले अर्धे वऱ्हाड ओरडले. काकाने टीव्हीची अँटेनाही फिरवली होती.

अखेर काकाने दोन्ही शेंड्या मुंबईच्या दिशेला केल्या, नाल्याच्या बाजूला, आणि माझा आवाज खणखणीत आला. टाळ्या पडल्या. आणि मीही, इंजिनियर असल्यामुळे, मान डोलावली.

आता एक साधी गोष्ट, जी मला तेव्हा कळायला हवी होती. मी मोकळ्या अंगणात उभा होतो. आत्या बसणार होती शेडमध्ये. डबा पत्र्याच्या वर, माइक पत्र्याच्या खाली, आणि मध्ये काकाच्या नव्या पत्र्याची भिंत. आणि दुसरी गोष्ट, जी कुणालाच माहीत नव्हती: नाल्यापलीकडच्या पाड्यावर त्याच दुपारी दुसरे लग्न होते. त्यांनी मुरबाडच्या कुठल्याशा दुकानातून माइक भाड्याने आणला होता. तोही बिनवायरचा. तोही अगदी आमच्यासारखाच, एका साच्यातला, एकाच लहरीवर चालणारा.

हळदीची वेळ झाली. नवरदेव पाटावर बसला. संगीता समोर बसली. आत्या पेटीतली नऊवारी नेसून आली होती. तिने माइक दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि उचलले:

"मांडवाच्या दारी हळद कुटली गो,
लाडाची लेक आज पाटावरी बसली गो..."

कर्ण्यातून काहीच आले नाही. नुसती खरखर. पाठच्या रांगेतल्या माना वर झाल्या. परशुराममामांनी खिशातली कॅसेट काढली. आत्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि मला पत्र्याखाली पुरून घ्यावेसे वाटले.

आणि तेवढ्यात कर्णा बोलला. मोठ्यांदा, पुरुषी आवाजात: "नवरदेवाच्या मामांनी ताबडतोप मांडवात यावं!"

"मी हितंच हाय की!" परशुराममामा ओरडले.

"नवरदेवाचे मामा, कुठं ऱ्हायलात? बायका खोळंबल्यात!"

"कोन बोलतंय त्यो? आरं, हितंच हाय मी! दिसत नाय काय?" मामा खुर्चीवर उभे राहिले, कर्ण्याला नीट दिसावे म्हणून.

"पाहुणे मंडळींनी वाट सोडावी! नवरदेव नाल्यापाशी आला हाय! नवरदेव आला!"

सगळ्यांनी आधी पाटावरच्या नवरदेवाकडे पाहिले. मग नाल्याच्या दिशेला. मग संगीताकडे. नवरदेवाने घाबरून मुंडावळ्या बाजूला केल्या.

"बाळूशेट," मामांचा आवाज आता फार खाली आला होता, आणि तोच जास्त भयंकर वाटत होता, "ह्यो दुसरा कोन?"

"मला नाय म्हायती!" काका म्हणाला. "वसंत्याला इचारा! त्यो इंजिनियर हाय!"

दोनशे डोळे माझ्याकडे वळले. संगीता पदर तोंडात धरून हसत होती. मला वाटले ती रडते आहे, म्हणून मी आणखीच गांगरलो. मामा कॅसेट घेऊन टेपकडे निघाले. "बास झाला! लावा आमची!"

"थांबा." ही गोपीआत्या. तिने कान नाल्याकडे केला होता. "मगाशी माजा धवला कुठशी वाजला गो? मला लांबून ऐकू आला."

ती पुन्हा एक ओळ गायली. आणि नाल्यापलीकडून, पाड्यावरच्या आंब्याच्या झाडाला टांगलेल्या कर्ण्यातून, आत्याचा आवाज आला! स्वच्छ, भरलेला, आजारपणाच्या आधीसारखा. आत्या थांबली, कर्णा थांबला. आत्या गायली, कर्णा गायला. शेडच्या चारही बाजू उघड्याच होत्या. वर जाऊ न शकलेला आवाज आडवा निघून थेट पाड्यावर पोचत होता, आणि तिथला डबा, बिचारा, चित्राबरहुकूम टेबलावर ठेवलेला होता.

आत्याने माइक तोंडाशी नेला. "गो बायांनो, मी गोपी बोलतंय. ऐकू येतंय का तुमाला?"

पलीकडून बायकांचा एकच हुंकार उठला. मग आमच्या कर्ण्यातून मघाचाच आवाज आला, आता अगदी नरम: "गोपीबाय, तुमीच काय? आमची धवलारीण तापानं पडली हाय. नवरी बसून ऱ्हायली. थांबू नका, बोला तुमी!"

माझ्याकडे न बघता आत्या म्हणाली, "वसंत्या, कशाला हात लाव नको." आणि ती गायली. तिची ओळ पलीकडे वाजायची, मग तो माणूस तिकडचा माइक चालू करायचा आणि पाड्यावरच्या बायकांनी झेललेली ओळ आमच्या कर्ण्यातून यायची. मग आमच्या बायकांनाही राहवेना. नाल्याच्या दोन्ही तीरांना हळद एकदमच लागली. मी आत्याला इतके मोकळे गाताना कधी ऐकले नव्हते, आणि माझे डोळे भरून आले, हे मी कबूल करतो. (हळदीची पूड उडत होती, हेही खरे आहे.)

पण अट राहिलीच होती. परशुराममामा कॅसेट हातात धरून पाठच्या रांगेपाशी गेले. आता ती रांग शेडच्या टोकाला, नाल्याला सगळ्यात जवळ. "काय रे, हितं ऐकू आला काय?"

"मामा, आमालाच सगळ्यात चांगला येतोय!" रांगेतून उत्तर आले. "पुढच्यांना काय नाय तेवढा!"

मामांनी स्वतः नाल्याकडे कान देऊन एक ओळ ऐकली. मग कॅसेट खिशात गेली. जेवणे झाल्यावर ते आत्यासमोर येऊन खाली बसले आणि त्यांच्या त्या आवाजाला जमेल तितक्या हळू म्हणाले, "आक्का, येत्या हंगामात आमच्या पोरीचा लगीन हाय. तुमीच यायचा. टेम्पो धाडतो." संध्याकाळी पाड्यावरचे नवरा-नवरी नाला ओलांडून आत्याच्या पाया पडायला आले. तोच तो दुसरा नवरदेव. आमच्या नवरदेवाने त्याला लांबूनच नमस्कार केला.

आत्याची नऊवारी त्यानंतर पुन्हा पेटीत गेली नाही. पुढची कितीतरी वर्षे ती गात राहिली, पार आटगावहून टेम्पो यायचे तिला न्यायला. माइक तिला चांगला सरावाचा झाला, डबा कुठे ठेवायचा हेही तीच सांगू लागली. आणि त्या सगळ्या लग्नांची आमंत्रणे मलाही आली, मानाने, घरी येऊन. प्रत्येक पत्रिकेत तळाला छापलेले असायचे, 'कृपया आहेर आणू नये.' माझ्या एकट्याच्या पत्रिकेत त्याखाली पेनाने आणखी एक ओळ लिहिलेली असायची: 'कृपया अँटेनाला हात लावू नये.'