सायलीने हात वर केला

शेवटची चढाई सुरू होती आणि आमच्या बाजूला एकटी सायली उरली होती. आम्ही दोन गुणांनी पुढे. मी बाकावरून ओरडत होते, "मागे राहा. पकडायला जाऊ नकोस."

कबड्डी न पाहिलेल्यांसाठी सांगते. चढाई करणारी समोरच्या एखादीला शिवून परत गेली की एक गुण. शिवलेली मुलगी शेवटचीच असेल तर सगळा संघ बाद होतो. त्याला लोण म्हणतात, त्याचे आणखी दोन. म्हणजे सायलीला स्पर्श झाला तर तीन गुण आणि सामना त्यांचा. नाही झाला तर कप आमचा.

कपाचं मला फार नव्हतं. विद्यापीठाच्या संघात बहुतेक मुली जिंकलेल्या कॉलेजाच्या घेतात, आणि विद्यापीठाकडून खेळलं की स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीसाठी उभं राहता येतं. सायलीचे वडील शिवडीच्या गोदामात हमाली करायचे, कंबर गेल्यापासून घरी बसलेले. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं.

चढाईला आलेल्या मुलीने झेप घेऊन हात मारला. सायली गर्रकन वळून निसटली. पंचांनी मान हलवली, स्पर्श नाही. ती मुलगी रडवेली होऊन परत गेली. तिने गुण मागितलासुद्धा नाही. आमच्या पोरी नाचत मॅटवर धावल्या.

सायलीने हात वर केला आणि मॅटबाहेर चालू लागली.

वेणीच्या टोकाला बोट लागलं होतं. केसांना लागलं तरी तो स्पर्शच. पण ते फक्त तिला कळलं होतं.

ही सवय माझी. लालबागच्या आमच्या मंडळात आम्ही मातीवर खेळायचो. सरावाला पंच कुठला असायला? शिवलं की आपणच हात वर करून बाहेर जायचं. जी जायची नाही, तिला दुसऱ्या दिवशी कुणी संघात घेत नसे. तसंच खेळत मी राज्याच्या संघापर्यंत गेले. गुडघा गेला, तेव्हा परळच्या एका कॉलेजात कंत्राटी कोच झाले आणि मुलींना पहिल्यांदा तेच शिकवलं.

समोरच्या संघाची कोच सुरेखा. माझ्याच मंडळातली, मी डावा कोपरा सांभाळायचे, ती उजवा. पंचांनी निर्णय फिरवून सामना त्यांना दिल्यावर भेटायला आली.

"तुझी पोर देवमाणूस आहे गं."

"तुझ्या पाच नंबरला पहिल्या हाफमध्ये दोनदा शिवलं होतं. जागची हलली नाही."

"मीच सांगितलंय तसं. पंच बोलेपर्यंत थांबायचं. ते मानधन कशाचं घेतात मग?"

"मंडळात अशी खेळायचीस?"

"मंडळात हरलो तरी वडापाव मिळायचा. इथे नोकरी आहे माझी." मग जाता जाता म्हणाली, "तुझीपण होती."

दुसऱ्या दिवशी जिमखाना प्रमुखांनी बोलावलं. एरवी ते अकाउंट्स शिकवतात.

"मॅडम, पंचांनी आउट दिलं नव्हतं ना?"

"नाही, सर."

"मग आपल्याला काय गरज होती?"

"शिवलं होतं."

"कोणी पाहिलं?"

"सायलीला कळलं."

ते पेपरवेट फिरवत राहिले. "प्रिन्सिपल सरांनी शोकेसमध्ये जागा करून ठेवली होती हो."

माझं कंत्राट वाढवलं नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकात मात्र सायलीचा अर्धं पान फोटो छापला, खाली ठळक अक्षरात 'खिलाडूवृत्ती'.

विद्यापीठाच्या संघात सुरेखाच्या चार मुली गेल्या. सायली राखीव खेळाडूंतही नव्हती. निवडयादी लागली त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"ताई, हात वर केला नसता तर?"

"तर झोप लागली नसती तुला."

"आता कुठे लागते?"

जेवलीस का, असं काहीतरी विचारून मी फोन ठेवला.

सध्या ती प्रभादेवीला मोबाइलच्या दुकानात उभी असते. मी संध्याकाळी मंडळातल्या मुलींचा सराव घेते. परवा ती आली, केस मानेपर्यंत कापलेले. खेळते म्हणाली. मी तिला तिच्या कोपऱ्यात उभं केलं. दुसऱ्याच चढाईत आठवीतल्या एका पोरीने तिच्या खांद्याला हात लावला, सगळ्यांना दिसेल असा. सायली जागेवरून हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"ताई, शिवलं ना मी?" त्या पोरीने विचारलं.

"शिवलं," मी म्हणाले.

मग सायली बाहेर गेली. हात खालीच होते.

तिला मी बोलणार तरी कुठल्या तोंडाने? दुसऱ्या दिवशी येताना शिट्टी विकत घेतली. आमच्या मंडळात आता सरावालाही पंच लागतो.